विंगेतली कुजबूज

कॉलेजात तिला सगळे कुजबूज म्हणायचे, आणि नाव ठेवणाऱ्यानं ते अगदी मोजूनमापून ठेवलं होतं. नाट्यविभागाच्या सगळ्या वर्षांत ती एकदाही रंगमंचावर आली नाही. डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीला टेकून, एका हातात संहिता आणि दुसऱ्या हातात बोटभर टॉर्च धरून ती उभी राहायची. नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा, एवढंच तिचं काम. पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाऊ नये, पण रंगमंचाच्या पार पलीकडे उभ्या असलेल्या नटाला मात्र जावं, असा आवाज तिनं कमावला होता. घरी आई म्हणायची, "अगं, जरा मोठ्यानं बोल की, चोऱ्या करतेस का?"

नाटक शिकवणाऱ्या मॅडमनी तिला पहिल्याच तालमीत बाजूला घेतलं होतं. "तोंडाकडे बघू नकोस, हातांकडे बघ," त्या म्हणाल्या होत्या. "विसरलेल्या नटाचे हात बावचळतात. बटणाशी खेळतात, खिसा शोधतात. मुद्दाम थांबलेल्या नटाचे हात गप्प असतात. गप्प हातांना शब्द द्यायचा नाही, मग कितीही वेळ जाऊ दे." मॅडमना अशा थांबण्याचं फार वेड. पोरं त्यांची नक्कल करताना बोलायचीच नाहीत, नुसती भुवई वर करून उभी राहायची, आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळायची.

त्या विभागातून बाहेर पडलेल्यांचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. जे नायक होते, ते आज कुठल्या समितीत किंवा मंडळात औषधालाही सापडायचे नाहीत. जिन्यातला दिवा गेला तर तोही दुसऱ्या कुणीतरी बदलावा अशी त्यांची अपेक्षा असते. पडदा ओढणारा मात्र रक्तदानाची शिबिरं भरवतो. कपडेपट सांभाळणारी शेजारच्या पोरींना शिवण शिकवते. दिवेवाला गल्लीतल्या म्हाताऱ्यांना औषधं आणून देतो आणि वर त्यांची बोलणीही खातो. टाळ्या दुसऱ्याला आणि खुर्च्या आपण उचलायच्या, हे कॉलेजात एकदा अंगवळणी पडलं की माणसाची त्यातून सुटका नाही. कुजबुजीची तरी कशी व्हावी?

कला शाखेच्या पदवीवर तिला दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनची नोकरी मिळाली. अनेक वर्षं ती तिथेच आहे. फोन घ्यायचा, वेळ द्यायची, घाबरलेल्याला खुर्चीत बसवायचं. पण शनिवारची दुपार तिची. शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत वर्ग भरतो. अर्धांगाच्या झटक्यानं ज्यांची वाचा गेली, किंवा अर्धीमुर्धी उरली, अशा माणसांचा तो वर्ग. तिथे तिला सगळे ताई म्हणतात.

त्याची सुरुवात शिंपीणबाईंपासून झाली. कुजबूज त्यांच्या दुकानात ब्लाउज द्यायला गेली होती. नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या शिंपीणबाई गळ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या आणि शब्द येत नव्हता. हात बावचळले होते, टेबलावरची कात्री उगाच इकडची तिकडे होत होती. कुजबुजीच्या तोंडून न ठरवताच हळूच निघालं, "ब..." आणि शिंपीणबाई ओरडल्या, "बटण!" मग दोघी कितीतरी वेळ हसत बसल्या. तेव्हा तिचा नवरा होता. तो चिडवायचा, "तुला बोलणारी माणसं आवडतच नाहीत. अडलेली आवडतात."

मग नवरा गेला. ती रडली नाही. लोक म्हणाले, काय खंबीर बाई आहे! खंबीर कसली? दवाखान्यात इंजेक्शन घेतलेले पेशंट अर्धा ओठ लोंबवत बाहेर येतात, तेव्हा ती रोज त्यांना सांगते, "बधिर आहे तोवर काही चावू नका हं. आपलाच गाल चावला जातो आणि कळतही नाही." नवरा गेल्यापासून तिचं सगळंच तसं झालं होतं. जेवण गिळलं जायचं, बस पकडली जायची, चादरीच्या घड्या व्हायच्या. दुःखही होत नव्हतं. पेशंटचं इंजेक्शन संध्याकाळपर्यंत उतरायचं, तिचं काही उतरत नव्हतं. शनिवारी तेवढं कुठेतरी काहीतरी हलायचं, आणि त्यातही खरं सांगायचं तर ड्रायव्हरकाका आले की.

ड्रायव्हरकाका म्हणजे आयुष्यभर शहराच्या बसगाड्या हाकलेला माणूस. उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली होती, पण रुबाब तसाच. वर्गात चित्रांची कार्डं काढली की ते डाव्या हातानं ढकलून द्यायचे, मी काय बालवाडीत आहे का, असा चेहरा करून. त्यांच्या 'हो' आणि 'नाही'ची कायम अदलाबदल व्हायची. चहा हवा का विचारलं की 'नाही, नाही' म्हणत कप ओढून घ्यायचे. त्यामुळे त्यांना हो-नाही विचारण्यात काही राम नव्हता. पण त्यांच्याकडे एक गोष्ट शाबूत होती. साडेचार वाजले की ते डाव्या हाताच्या बोटानं टेबलावर दोनदा वाजवायचे. टक टक. कंडक्टरची घंटा. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. वर्ग संपला, असं त्यांनी सांगितल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा नियमच झाला होता. बँकेतून निवृत्त झालेले साहेब, ज्यांच्याकडे सगळ्या भाषेतून शिव्या तेवढ्या उरल्या होत्या, ते एक सणसणीत शिवी हासडून काठी उचलायचे, त्यांची बायको लाजून चूर व्हायची, आणि शिंपीणबाई म्हणायच्या, "बरं बरं." असा निरोपाचा कार्यक्रम असायचा.

ड्रायव्हरकाकांची लेक दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात, शेजारीण डबा देते, याचा तिला घोर होता. शेवटी तिनं तिकडे मोठं घर बघितलं. पण नेणार कसं? एका शनिवारी ती वर्ग संपायची वाट बघत दारात उभी राहिली.

"ताई, बाबांनी जन्मभर स्वतःची गाडी स्वतः हाकलीय," ती म्हणाली. "मी त्यांना सामानासारखं उचलून नेणार नाही. त्यांना यायचं असेल तर येतील, नसेल तर मी घर सोडून देते. पण ते त्यांनी सांगायला हवं. त्यांना नीट समजावून सांगितलंय मी सगळं. उद्या विचारणार आहे. तुम्ही याल? तुमच्यासमोर ते बोलतात."

"येईन की," कुजबूज म्हणाली.

"आणि तिकडच्या घरमालकाला सोमवारी कळवायचंय. म्हणजे उद्याच काय ते."

रविवारी ती गेली. तळमजल्यावरची खोली, टेबलावर प्लास्टिकचं आच्छादन, आणि भिंतीवर बसमधला लांबट आरसा. निवृत्त होताना काकांनी तो मागून घेतला होता. टेबलापाशी दाराकडे पाठ करून ते बसायचे आणि मागून कोण येतंय ते आरशात बघायचे. कुजबूज आत आली तेव्हा त्यांनी आरशातच मान हलवली. ती त्यांच्या मागे, जरा बाजूला, स्टुलावर बसली. सवयच तिची.

लेकीनं विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

ड्रायव्हरकाकांनी घसा साफ केला. "मला," ते म्हणाले. मग पुन्हा, "मला..." डाव्या हाताचं बोट टेबलावर दोनदा वाजलं. मग तो हात प्लास्टिकवर सपाट पडून राहिला.

लेक पुढे वाकली होती. कुजबुजीला ते बोट दिसलं, टकटक ऐकू आली, तिला वाटलं, काका कंटाळले, उरका म्हणतायत. आणि ती शांतता तिला सोसेना. का सोसेना, ते तेव्हा तिला कळलं नाही. पोटात कुठेतरी शनिवारची ती खोली होती, घड्या घातलेल्या खुर्च्या होत्या, एक खुर्ची कमी होती. तिच्या तोंडून नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या सफाईनं निघालं, "इथे..."

ड्रायव्हरकाकांनी आरशातून तिच्याकडे बघितलं. "इथे," ते म्हणाले. मग मान खाली घालून पुन्हा, "इथे. इथे."

लेकीनं डोळे पुसले. "बरं बाबा. इथे तर इथे."

काकांनी टेबलावरचा हात काढून मांडीवर घेतला. लेकीनं चहा केला, कुजबूज तो प्यायली आणि घरी आली. तिला हायसं वाटलं असंही नाही. काहीच वाटलं नाही. तिनं वाळलेले कपडे काढले आणि घड्या घालायला बसली.

संध्याकाळी फोन आला. लेक होती. "थँक्यू म्हणायला केला, ताई. तुम्ही होतात म्हणून निदान कळलं तरी. तुम्ही शब्द सांगितला की बाबा लगेच घेतात बघा."

"हो," कुजबूज म्हणाली, आणि फोन ठेवून हातातल्या उशीच्या अभ्र्याकडे बघत बसली.

लगेच घेतात. हे तिनं पूर्वी ऐकलं होतं. कॉलेजात, दुसऱ्या वर्षी, वार्षिक नाटकाच्या दिवशी. मेकअप लागलेल्या बोटांनी संहितेची दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि तिनं ती एकदमच उलटली. रंगमंचावरचा नट थांबला. हात गप्प होते, तो मजेत थांबला होता, पण समोरच्या पानावरचं वाक्य आणि त्याचं बोलणं जुळेना म्हणून ती घाबरली आणि पुढचा शब्द पुरवून मोकळी झाली. पुढचा म्हणजे त्या चिकटलेल्या पानांच्याही पुढचा. नटानं तो इमानेइतबारे उचलला, आणि मधला अख्खा प्रवेश गायब झाला. त्या प्रवेशात एका मुलीचं काम होतं. एकच प्रवेश, म्हातारीचा. केसांना पांढरा रंग लावून, तोंडावर सुरकुत्या काढून ती उजव्या विंगेत उभी होती आणि तिचे आईवडील प्रेक्षकांत बसले होते. ती उभीच राहिली. नाटक संपल्यावर आरशासमोर बसून तिनं सुरकुत्या पुसल्या आणि म्हणाली, "असू दे गं." त्या 'असू दे'पेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

मॅडम रागावल्या नाहीत. "अडलेला नट मिळेल तो शब्द घेतो," त्या म्हणाल्या होत्या. "पान कुठलं, ते तो बघत नाही. ते बघायचं काम तुझं."

कुजबुजीनं अभ्रा बाजूला ठेवला. आज पान कुठलं होतं? काकांचा हात बावचळला नव्हता. प्लास्टिकवर सपाट, गप्प पडला होता. ती विसरलेल्याचा हात आणि थांबलेल्याचा हात आयुष्यभर ओळखत आली होती, आणि आज तिनं बघितलंच नव्हतं. आणि ती टकटक. उरका म्हणून असेल. चला म्हणूनही असेल. तिला खरंच माहीत नव्हतं. माहीत एवढंच होतं, की तो शब्द तिनं काकांच्या पानावरून वाचला नव्हता.

सोमवारी सकाळी तिनं डॉक्टरांना उशीर होईल म्हणून कळवलं आणि काकांकडे गेली. लेकीची बॅग दारात होती, चेन अर्धी लावलेली.

"घरमालकाला सांगितलंस?" कुजबुजीनं दारातूनच विचारलं.

"आता बसमध्ये बसले की करते फोन. का हो?"

"नको करूस. कालचा तो शब्द त्यांचा नव्हता. माझा होता."

लेकीला आधी कळेना. मग कळलं, आणि तिचा चेहरा बदलला. "म्हणजे तुम्ही त्यांच्या तोंडात घातलात?"

"हो."

"अहो ताई, मी तुमच्यावर विसंबून होते! बोलवलं कशासाठी होतं तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "का केलंत असं?"

कुजबूज उत्तर जुळवू लागली. "ते गेले तर शनिवारी..." एवढंच आलं. पुढचं आलं नाही. लेक तिच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिनं बॅग उचलून आत ठेवली.

ड्रायव्हरकाका टेबलापाशीच होते. सगळं ऐकत होते. माणसाची वाचा गेली की लोकांना वाटतं कानही गेले.

या वेळी कुजबूज मागे बसली नाही. स्टूल ओढून टेबलाच्या बाजूला बसली, त्यांचा हात दिसेल अशी. "काका," ती म्हणाली, "काल मी चुकले. आज मी काही बोलणार नाही. कितीही वेळ लागू दे."

लेकीनं पुन्हा विचारलं.

"मला," ड्रायव्हरकाका म्हणाले. हात टेबलावर सपाट पडला. गप्प झाला.

मग काहीच झालं नाही. मोरीतला नळ ठिबकत होता. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. लेकीच्या ओठांवर शब्द आला, कुजबुजीनं मान हलवून तिला थांबवलं. तिच्या स्वतःच्या जिभेवरही शब्द रांग लावून उभे होते. इथे, तिथे, घर, वर्ग, ताई. एखादा पुरवला असता तर काकांनी लगेच घेतला असता. तिनं गालाचं आतलं मांस दातांत धरलं आणि धरून ठेवलं. तोंडाला रक्ताची चव आली. दुखलं. चांगलंच दुखलं.

"ले," ड्रायव्हरकाका म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "ले... लेकी... कडे."

आणि बोट वाजलं. टक टक.

लेक उठली ती थेट त्यांच्या गळ्यात पडली. कुजबुजीला वाटलं आता आपण उठावं, आपलं काम झालं. ती उठून दारापर्यंत गेलीही. पण आरशातून तिच्याकडे बघत ड्रायव्हरकाकांनी विचारलं, "तू?"

काका थांबले. घाई केली नाही, भुवईही वर केली नाही. लेकीच्या पाठीवर त्यांचा हात होता, तो तसाच राहिला.

"इथे," ती म्हणाली.

लेक निघताना तिच्याशी नीट बोलली, पण थँक्यू म्हणाली नाही. त्यात तिचं काही चुकलं असं कुजबुजीला वाटलं नाही. त्या आठवड्यात सामान गेलं, आरसा गेला, काका गेले. ती दवाखान्यात पेशंटना चावू नका म्हणून सांगत राहिली.

शनिवारी तिनं खुर्च्या मांडल्या. हातानं सवयीनं काकांचीही मांडली, आणि मग ती काढायचं तिच्या जिवावर आलं. वर्ग नेहमीसारखा झाला. काका लेकीकडे गेले, सुखात आहेत, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. "बरं बरं," शिंपीणबाई म्हणाल्या, पण त्या 'बरं'मध्ये काही बरं नव्हतं. बँकेच्या साहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे बघून एक शिवी दिली, अगदी हळू, आणि त्यांच्या बायकोनं या वेळी त्यांना गप्प केलं नाही.

साडेचार वाजले. कुणी उठलं नाही. पावणेपाच होत आले, थर्मासमधला चहा संपला, ग्रंथालयाच्या शिपायानं दोनदा डोकावून बघितलं. तरी सगळे बसून होते. आणि मग कुजबुजीच्या ध्यानात आलं, की ते घंटेची वाट बघतायत आणि तिच्याकडे बघतायत.

तिनं हात टेबलावर ठेवला. बोट उचललं आणि वाजवलं. टक.

दुसऱ्यांदा उचलता येईना. बोट हवेत राहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नवरा गेला तेव्हाचं, काकांचं, त्या पांढऱ्या केसांच्या मुलीचं, कुणाकुणाचं होतं कोण जाणे. तिचे हात बावचळले, रुमाल शोधू लागले, सापडला तो खाली पडला. कुणी तिला शब्द पुरवला नाही, कुणी गप्प हो म्हणालं नाही. शिंपीणबाईंनी घेतलेली पिशवी पुन्हा खाली ठेवली. साहेबांनी उचललेली काठी खुर्चीला टेकवली.

घंटा एकदाच वाजली होती. सगळे थांबले.